शस्त्रक्रियेपूर्वीचा पुरुषार्थ

खांद्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरते आणि त्याच भेटीत रुग्णाला सांगितले जाते की तोवर सहा आठवडे व्यायाम करा. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेत वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून तो झुलू द्यायचा. पाठीवर निजून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताच्या जोरावर दुखरा हात डोक्याकडे न्यायचा. खांद्याची पाती मागे ओढून धरायची. कोपर अंगाशी ठेवून भिंतीवर दाब द्यायचा, पण हात हलू द्यायचा नाही. हे ऐकून रुग्णाच्या मनात शंका येते आणि ती आळसातूनच आलेली असते असे नाही. स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन फाटला आहे, एमआरआयमध्ये तो फाटलेला दिसतो आहे, सर्जन तो हाडाला शिवणार आहे. मग मी हात झुलवून काय होणार? फाटलेले व्यायामाने सांधत नाही आणि सांधणारा तर दुसराच आहे. वरवर पाहता ही शंका वैद्यकातली आहे. तिच्या पोटात मात्र आपल्याकडे महाभारतापासून चालत आलेला वाद आहे: घडणारे माझ्या हाती नसेल, तर मी काही करण्याला अर्थ काय? या वादात दैवाची आणि पुरुषार्थाची बाजू घेणारे पुष्कळ झाले. शस्त्रक्रियेपूर्वीचा हा साधा व्यायाम त्या वादात एक तिसरी जागा दाखवतो असे मला वाटते. माणूस आपल्या बरे होण्याचा एकमेव कर्ता कधीच नसतो, आणि तरीही त्याच्या वाट्याचे कर्तेपण दुसऱ्या कुणाला उचलता येत नाही. हे उरलेले कर्तेपण कसे करायचे, हाच खरा प्रश्न आहे.

आधी शरीरात काय होते ते पाहू. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत बसवलेला मोठा गोळा. तो जागेवर राहतो तो चार स्नायूंच्या टेंडनांनी मिळून बनलेल्या आवरणामुळे, ज्याला रोटेटर कफ म्हणतात. वयाबरोबर हे आवरण झिजते आणि पुष्कळदा कसलीही इजा न होता फाटते. अमेरिकेतल्या मून या संशोधक गटाने अशाच, म्हणजे अपघाताविना आरपार फाटलेल्या रोटेटर कफच्या ४५२ रुग्णांना आधी ठरावीक पद्धतीची फिजिओथेरपी दिली. सहा आणि बारा आठवड्यांनी त्यांना पुन्हा तपासले आणि गुण आला नसेल तर शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा ठेवला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेणारे पंचवीस टक्क्यांहून कमी निघाले, आणि ज्यांनी ती करून घेतली त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या बारा आठवड्यांतच तो निर्णय घेतला होता. दहा वर्षांनंतरही हे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरच होते. यातल्या कुणाचा टेंडन व्यायामाने शिवला गेला नाही. शाबूत राहिलेल्या तंतूंनी, दंडावरच्या डेल्टॉइडने आणि पाती सावरणाऱ्या स्नायूंनी काम वाटून घेतले आणि हात वर जाऊ लागला. आणखी एक गोष्ट याच गटाने नोंदवली: टेंडन किती फाटला आहे आणि माणसाला किती दुखते, यांचा मेळ बसत नाही. मोठी फाट असणाऱ्याला कमी दुखू शकते आणि लहान फाट असणाऱ्याची झोप उडू शकते. म्हणजे चित्रात दिसणारी फाट आणि माणसाचे दुःख या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सर्जन पहिलीला हात घालतो. दुसरीपर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत.

ज्यांची शस्त्रक्रिया होणारच असते, त्यांच्यासाठी या व्यायामाचे काम वेगळे. आखडलेला खांदा शस्त्रक्रियेत गेला तर नंतर अधिकच आखडण्याची भीती असते, म्हणून आधी तो मोकळा करून घेतात. शिवलेला टेंडन हाडाला धरायला सुमारे तीन महिने घेतो. त्यातले पहिले चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये असतो. त्या काळात जे करावे लागणार ते वेदना आणि गुंगी नसताना शिकून ठेवणे, हा या तयारीचा मोठा भाग. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या व्यायामाचा जितका अभ्यास झाला आहे तितका खांद्याचा झालेला नाही, तेव्हा या सहा आठवड्यांना चमत्काराचे श्रेय देऊ नये. मात्र तयारीची कल्पना नवी नाही. सुश्रुताने शस्त्रकर्माचे वर्णन करताना कर्माचे तीन भाग केले: पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. शस्त्र चालते ते मधल्या भागात. आपण मात्र त्या मधल्या भागालाच सगळे उपचार समजतो आणि आधीच्या-नंतरच्या दिवसांना वाट पाहण्याचे दिवस मानतो. रुग्णाची शंका उगवते ती याच समजातून.

आता कर्तेपणाकडे येऊ. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. या दैवाचा अर्थ भाष्यकारांनी एकसारखा केलेला नाही. शंकराचार्य इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता सांगतात, रामानुज अंतर्यामी परमात्मा सांगतात. अर्थ कोणताही घ्या, त्या यादीची रचना विचार करण्यासारखी आहे. कर्ता तिच्यात आहे, पण तो पाचांतला एक आहे. आणि लगेच पुढे गीता म्हणते की जो केवळ स्वतःला कर्ता समजतो, त्याला नीट दिसलेले नाही. खांद्याला ही यादी लावून पाहावी. शरीर हे अधिष्ठान: टेंडनची प्रत, वय, मधुमेह, स्नायूत शिरलेली चरबी, जी शिवल्यानंतरही सहसा मागे हटत नाही. करणे म्हणजे दुर्बीण, हाडात बसवायचे अँकर, धागे, रबरी पट्टी, काठी. चेष्टा म्हणजे सर्जनचे, भूलतज्ज्ञाचे, फिजिओथेरपिस्टचे आणि रुग्णाचे श्रम. आणि या सगळ्यांनी आपापले काम चोख केल्यानंतरही टेंडन हाडाला धरेल की नाही, हे पाचव्यावर राहते. सर्जनसुद्धा टेंडन हाडाजवळ आणून बांधतो तेवढेच. तिथे नवी ऊती भरणे हे कुणाच्याच हातचे काम नाही. मोठी फाट शिवल्यावर ती पुन्हा उसवण्याचे प्रमाण कमी नाही, आणि उसवूनही कित्येकांना आराम पडलेला असतो. कारण आणि फळ यांच्यामध्ये एकच सरळ दोरी ओढणाऱ्याला याचा उलगडा होत नाही. पाच कारणे धरून चालणाऱ्याला त्यात आश्चर्य वाटणार नाही.

चरकाने हेच रुग्णाच्या बाजूने मांडले आहे. चिकित्सेचे चार पाद त्याने सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोगी हा ज्याच्यावर चिकित्सा होते तो एक पदार्थ असता, तर त्याला चिकित्सेचा पाद म्हणण्याचे कारण नव्हते. चरक त्याचे गुणही सांगतो: स्मरण असणे, सांगितल्याप्रमाणे वागणे, भित्रा नसणे, आपल्याला काय होते ते सांगता येणे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सहा आठवड्यांत नेमके हेच चार गुण पणाला लागतात. व्यायामाचा क्रम आठवणीत ठेवावा लागतो. सांगितले त्याहून कमी करायचे नाही, आणि उत्साहाच्या भरात जास्तही करायचे नाही. दुखणे म्हणजे दर वेळी नवी इजा नसते, हे कळून हात हलवण्याची भीती सोडावी लागते. आणि कोणत्या कोनात, कोणत्या वेळी, कसले दुखते हे फिजिओथेरपिस्टला नेमके सांगावे लागते. दैवाविषयीही चरक मधली वाट धरतो. आयुष्य सर्वस्वी ठरलेलेच असते तर औषधोपचाराला जागाच उरली नसती, हा त्याचा युक्तिवाद. पण योगवासिष्ठातल्या वसिष्ठांप्रमाणे तो दैव ही मुळात वस्तूच नाही असे म्हणत नाही. बलवान दैव दुबळ्या प्रयत्नाला हाणते आणि बलवान प्रयत्न दुबळ्या दैवाला, असे त्याचे मत आहे. रोज रुग्ण पाहणाऱ्या माणसाचे हे मत आहे, म्हणून मला ते वसिष्ठांच्या तेजस्वी आग्रहापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते.

यावर भक्तिमार्गाकडून एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. एकदा दुसऱ्याच्या हाती स्वतःला सोपवायचे ठरल्यावर आपली धडपड कशाला? धडपड म्हणजे अविश्वासच. श्रीवैष्णव संप्रदायात या प्रश्नावर दोन शाखा झाल्या. वडकलै शाखेचे म्हणणे, माकडाचे पिलू आईला घट्ट धरून असते, तसे जीवाने ईश्वराला धरून राहिले पाहिजे. तेंकलै शाखेचे म्हणणे, मांजराचे पिलू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. कृपा तशी असते. भूल दिलेल्या माणसाची अवस्था दुसऱ्या पिलासारखीच असते, हे कबूल केले पाहिजे. त्याचा हात बधिर केलेला असतो आणि ज्याच्या हाती तो असतो त्याच्या कौशल्यावर सगळे सोडलेले असते. पण सोपवणे ही आपोआप होणारी गोष्ट आहे, या गृहीतावर हा आक्षेप उभा आहे, आणि ते गृहीत खांद्यापाशी टिकत नाही. सहा आठवड्यांतला पहिलाच व्यायाम पाहा. हात झुलवायचा, पण खांद्याच्या स्नायूंनी नाही. स्नायू सैल ठेवायचे, अंगाच्या हेलकाव्याने हात आपला आपण फिरला पाहिजे. नव्या माणसाला हे जमत नाही. दुखरा खांदा सावरून धरण्याची सवय इतकी मुरलेली असते की हात सोड म्हटले तरी तो सुटत नाही. शस्त्रक्रियेनंतर तर याचीच परीक्षा असते: फिजिओथेरपिस्ट हात उचलतो तेव्हा रुग्णाने मदत करायची नसते, कारण त्या मदतीने ताजा टाका ताणला जातो. काही न करणे हे त्या दिवसांतले सर्वांत अवघड काम, आणि ते आधी शिकलेल्यालाच नंतर जमते. कर्मात अकर्म पाहण्याची जी गोष्ट गीतेच्या चौथ्या अध्यायात आहे, ती इथे अक्षरशः शरीराला शिकावी लागते. तेव्हा प्रयत्न आणि शरणागती या दोन शाखा एकाच माणसात एकामागून एक येतात आणि पहिलीवाचून दुसरी नीट साधत नाही. श्रीवैष्णव आचार्यांचा मूळ वाद मोक्षाविषयी होता, खांद्याविषयी नव्हता, हे मी विसरत नाही. पण शरण जाण्यालाही तयारी लागते, एवढे त्या वादातही लागू पडावे.

दुसरा आक्षेप निष्कामतेचा. बरे व्हायचे म्हणून जो व्यायाम करतो, तो फळावर डोळा ठेवूनच करतो. मग यात कर्मयोग कुठला? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याचे उत्तर आहे. कोणत्या कर्माचे कोणते फळ, याचा विचार न करता कर्म करणे म्हणजे निष्काम कर्म नव्हे. टाकायची ती फळाची आसक्ती, फळाचे ज्ञान नव्हे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना विनोबांनी याच मुद्द्याला पुढचे वळण दिले: ज्याचे चित्त फळात गुंतलेले नाही, त्याचे कर्म अधिक चांगले होते, कारण त्याची सगळी शक्ती कर्मात असते. हे शेवटचे म्हणणे व्यायामाच्या चटईवर पडताळता येते. आज हात किती वर गेला, कालपेक्षा किती जास्त, या हिशेबात अडकलेला माणूस जोर लावतो, मान आखडतो, पाठ वाकवून खोटी उंची मिळवतो. मग खांदा दुखतो आणि दोन दिवस व्यायाम बंद पडतो. ज्याचे लक्ष पाती कशी फिरते याकडे असते, त्याचा हात हळू पण खरा वर जातो. शिवाय या सहा आठवड्यांचे फळ इतके अनिश्चित आहे की त्यावर मन टांगून ठेवणे शक्यच नाही. शस्त्रक्रिया टळेल, किंवा टळणार नाही आणि नंतरचे दिवस सोपे जातील, किंवा काहीच फरक दिसणार नाही. या तिन्ही शक्यता समोर असताना सकाळी उठून काठी हातात घेण्यासाठी फळाच्या आशेपेक्षा टिकाऊ असे काहीतरी लागते.

आता श्रद्धेचा मुद्दा, जो आधुनिक संशोधनानेच पुढे आणला आहे. त्या ४५२ रुग्णांपैकी शस्त्रक्रियेकडे कोण वळले, याचा शोध घेतला तेव्हा फाटीचा आकार निर्णायक ठरला नाही. सर्वांत ठळक निघाली ती रुग्णाची सुरुवातीची अपेक्षा. व्यायामाने काही होणार नाही असे ज्यांना वाटत होते, ते शस्त्रक्रियेकडे अधिक वळले. यावर लगेच म्हणता येते की मग हा सगळा मनाचा खेळ आहे. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. एक तर अपेक्षा आणि निर्णय यांचा संबंध दिसला म्हणून अपेक्षेनेच खांदा बरा केला असे ठरत नाही; ज्याला व्यायामावर विश्वास नव्हता त्याने तो कमी केला असेल, किंवा त्याला आधीच आपल्या खांद्याची खरी कल्पना असेल. दुसरे म्हणजे, मनाचा वाटा हा व्यायामापुरता दोष असता तर गोष्ट वेगळी होती. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या एका चाचणीत खांद्यावरच्या हाडाचा टोचणारा भाग घासून काढण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना नुसती दुर्बीण घालून पाहण्याशी केली होती. दोन्ही गटांना मिळालेल्या आरामात रुग्णाला जाणवेल असा फरक निघाला नाही. ही टेंडन शिवण्याची शस्त्रक्रिया नव्हती, तेव्हा तिचा निष्कर्ष तिकडे ओढू नये. पण शस्त्राच्या पाठीशीही श्रद्धा उभी असते, एवढे त्यातून स्पष्ट होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे प्रकार केले आहेत आणि माणूस श्रद्धेचाच बनलेला असतो असे मानले आहे. श्रद्धा उपचारातून वजा करता येत नाही. ती कशावर ठेवली आहे आणि ती माणसाला कामाला लावते की बसवून ठेवते, एवढेच तपासता येते.

सर्वांत गंभीर आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण आपल्या समाजात त्याने खरी दुखापत होते. प्रयत्नाला इतके महत्त्व दिले की ज्याला गुण येत नाही तो दोषी ठरतो. कर्मविपाकाच्या सिद्धान्ताचा असा वापर आपण पिढ्यान्‌पिढ्या केला आहे: आजारी पडलास, म्हणजे काहीतरी केले असशील. आता त्याच जागी नवे वाक्य आले आहे: बरा झाला नाहीस, म्हणजे व्यायाम केला नसशील. हे वाक्य घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, कधी उपचार करणारेही म्हणतात. ते वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचे आहे. पडून अचानक फाटलेल्या टेंडनाला कित्येकदा महिनोन्महिने व्यायामावर ठेवणेच घातक असते. स्नायू आखूड होऊन मागे सरकतो, त्यात चरबी भरते आणि शिवण्याची वेळ निघून जाते. तिथे लवकर शस्त्रक्रिया हाच पुरुषार्थ. ते सामाजिक दृष्टीनेही अन्यायाचे आहे. दिवसभर खुरपणी करून घरी येऊन भाकऱ्या थापणाऱ्या बाईला दिवसातून तीनदा वीस मिनिटे खांद्यासाठी काढा म्हणणे आणि न जमल्यास तिला निष्काळजी ठरवणे, यात तिच्या कर्तेपणाचा आदर नाही. तिचे अधिष्ठानच दुसऱ्यांच्या कामाने भरलेले आहे. पाच कारणांचा विचार इथे खरा उपयोगी पडतो. जो कर्त्याला एकटे कारण मानतो, त्याला यशात गर्व आणि अपयशात दोष एवढ्याच दोन गोष्टी दिसतात. जो पाच मानतो, त्याला विचारता येते की नेमके कुठे कमी पडले आणि ते कुणाच्या हातात होते.

आणि हे विचारणारा एक माणूस खांद्याच्या इतिहासातच आहे. हात सैल सोडून झुलवण्याचा तो पहिला व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन. १९३४ साली त्यांनी खांद्यावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या आधी कितीतरी वर्षे त्यांनी हट्ट धरला होता की प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले ते रुग्णालयाने शोधून काढावे आणि उघड छापावे. हा हट्ट त्यांना महागात पडला, समव्यावसायिक दुरावले. १९११ ते १९१६ या काळातल्या आपल्या लहान रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी स्वतः छापला आणि त्यात १२३ चुका नोंदवल्या. अपयशाच्या कारणांचे त्यांनी वर्ग केले: सर्जनच्या ज्ञानातली किंवा कौशल्यातली उणीव, निर्णयातली चूक, काळजीतली किंवा साधनांतली त्रुटी, निदानातली चूक, रुग्णाचा न जिंकता येणारा आजार, रुग्णाने उपचार नाकारणे, आणि शेवटी ज्यांच्यावर कुणाचाच ताबा नाही असे अपघात. कॉडमन यांनी गीता वाचली होती असे मला म्हणायचे नाही. पण त्यांच्या यादीत रुग्ण आहे, दैवासारखे काहीतरी आहे, आणि सर्वांत आधी, सर्वांत जास्त जागा घेऊन, उपचार करणारा स्वतः आहे. रुग्णाला सहा आठवड्यांचा व्यायाम सांगण्याचा अधिकार अशा हिशेबाला तयार असणाऱ्याला आहे. तो रुग्णाला सांगू शकतो की हा तुमचा वाटा, हा माझा, आणि हा आपल्या दोघांचाही नाही. त्या मुदतीनंतर हात तेवढाच दुखत असेल तर ठरलेल्या दिवशी शस्त्रक्रिया होईल, आणि किती वेळा काठी उचलली या प्रश्नाने तिची सुरुवात होण्याचे कारण नाही.